जुन्या मोटरसायकलची गादी घरी बांधताना : उसवण्यातून शिकायचा एक पाठ



आपल्या ओळखीत कुणाकडे तरी जिन्याखाली किंवा गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली एक जुनी गाडी उभी असतेच. येझदी, राजदूत, बुलेट, नाहीतर त्याआधीची जावा. आजोबांची, मामांची, कधी कुणी हौसेने विकत घेतलेली. तिच्या इंजिनाला हात लावायचा तर मिस्त्रीच लागतो. पण गादीचं काम असं आहे की ते घरच्या अंगणात, मुलांना सोबत घेऊन, चार-पाच सुट्ट्यांत करता येतं. त्यात भूमिती, विज्ञान, शिवणकाम आणि थोडा इतिहास आपोआप येतो. म्हणून आज हा पाठ.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. या कामात सगळ्यांना घाई असते ती नवीन कव्हर शिवायची. पण खरं शिक्षण आणि खरं यश दोन्ही आहे जुनं कव्हर उसवण्यात. जुनी गादी नीट उसवली, तर ती स्वतःच सांगते की नवीन कशी बांधायची. ती फाडून फेकली, तर मग अंदाजपंचे. या लेखातलं बाकी काही विसरलात तरी चालेल, एवढं मात्र लक्षात ठेवा.

या पाठातून मुलं काय शिकतील?

- वस्तू क्रमाने सोडवणं, खुणा करणं, नोंद ठेवणं
- सपाट कापडापासून गोलाईचा आकार कसा बनतो
- घनता, परीघ, क्षेत्रफळ यांचा खरा उपयोग
- कारागिराच्या कामाची किंमत

इयत्ता सातवीपासून पुढच्या मुलांना हे जमतं. धारदार हत्यार, सोल्युशन आणि गंज घासणं ही तीन कामं मात्र मोठ्यांचीच.

१. आधी गादी ओळखूया

मोटरसायकलची गादी तीन थरांची असते. खाली पत्रा, मध्ये मऊ भर, वर कव्हर.

पत्रा म्हणजे गादीचा सांगाडा. तो गाडीला बोल्टने किंवा बिजागरीने जोडलेला असतो. त्याच्या कडेला बऱ्याच जुन्या गाड्यांत पत्र्याचेच छोटे टोकदार दात काढलेले असतात. कव्हर त्यात अडकवून दात दाबून टाकायचे, अशी पद्धत. काही गाड्यांत रिव्हेट असतात, काहींत कडेने चकचकीत पट्टी.

मधली भर काळाप्रमाणे बदलत गेली. फार जुन्या गाद्यांत स्प्रिंगा, त्यावर गोणपाट आणि काथ्या सापडतो. पुढे रबराचा फोम आला आणि नंतर आज आपण ज्याला नुसतं फोम किंवा स्पंज म्हणतो तो पॉलियुरेथेनचा. पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली लावला. म्हणजे मुलांच्या दप्तरापासून बसच्या सीटपर्यंत सगळीकडे असलेली ही वस्तू शंभर वर्षांचीही नाही.

वरचं कव्हर रेक्झिनचं. रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या एका कृत्रिम चामड्याचं व्यापारी नाव. कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप देऊन ते बनवायचे. आज दुकानात आपण रेक्झिन मागतो तेव्हा मिळतं ते बहुधा पीव्हीसीचा लेप दिलेलं कापड. नाव तेच राहिलं, वस्तू बदलली. भाषेच्या तासाला मुलांना अशी आणखी नावं शोधायला सांगा.

गाडीच्या नावातही गोष्ट असते. १९२९ साली चेकोस्लोव्हाकियात यानेचेक नावाच्या कारखानदाराने वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटरसायकलचा व्यवसाय घेतला. यानेचेकचं ‘जा’ आणि वाँडररचं ‘वा’ मिळून झालं जावा. आपल्याकडे ती १९६० च्या दशकात म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनू लागली, पुढे येझदी झाली, आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. त्यामुळे तुमच्या अंगणातली येझदी म्हैसूरच्या त्या कारखान्यातली असेल, तर ती निदान तितकी जुनी आहेच.

२. काढण्याआधी एक प्रश्न

कव्हर खरंच बदलायला हवं का? हा प्रश्न मुलांसमोर ठेवा. आतला फोम चांगला आहे आणि फक्त एखादी शिवण सुटली आहे, तर तेवढीच शिवण घाला. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तसा विचार असेल तर गादीचा आकार, रंग, शिवणीच्या रेघा जशा होत्या तशाच ठेवणं शहाणपणाचं. आणि मूळ कव्हर कितीही फाटलेलं असो, ते जपून ठेवायचं.

३. उसवणं म्हणजे वाचणं

गादी गाडीवरून काढून लांब, मोकळ्या हवेत न्या. पेट्रोलच्या टाकीजवळ हे काम करायचं नाही. बोल्ट, वॉशर, बिजागरीची पिन हे सगळं एका डबीत, आणि डबीवर चिठ्ठी.

उसवण्याआधी पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि खालून असे फोटो काढा. मग पुढची चार कामं, याच क्रमाने:

- कव्हरच्या मधोमध पुढून मागपर्यंत खडूने किंवा पांढऱ्या पेनाने एक रेघ मारा. ही मध्यरेघ.
- प्रत्येक शिवणीवर दर ५ सेंमीवर आडवी छोटी खूण करा, दोन्ही तुकड्यांवर एकदम उमटेल अशी. नंतर कोणता बिंदू कोणत्या बिंदूला जोडायचा हे त्या खुणा सांगतात.
- प्रत्येक तुकड्यावर नाव लिहा. वरचा, डावी पट्टी, उजवी पट्टी. डावं-उजवं नेहमी चालवणाऱ्याच्या बाजूने.
- आता खालचे दात पक्कडीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने हळूच उभे करा. पूर्ण वाकवू नका, जुना पत्रा थकलेला असतो, दात तुटतो.

कव्हर सुटलं की मग शिवण उसवायची. इथे मुलांना बसवा. उसवणीने एक-एक टाका तोडायचा आणि सोबत वहीत लिहायचं की कोणती शिवण आधी सुटली, कोणती नंतर. कारण सोपं आहे. जी शिवण आपण सगळ्यात शेवटी उसवतो, ती मूळ कारागिराने सगळ्यात आधी घातलेली असते. वही उलटीकडून वाचली की शिवण्याचा क्रम तयार. असा पाठ कुठल्या पुस्तकात शोधून मिळायचा नाही.

आता मुलांना बघायला सांगा. गोट कुठे लावलाय? कापडाचे जोड कुठे लपवलेत? बहुधा ते पुढे टाकीखाली किंवा अगदी मागे असतात, जिथे डोळा जात नाही. टाके किती लांबीचे आहेत? १० सेंमीत मोजा. दोरा सुती आहे की नायलॉनचा? धूप-पाणी खाऊन कोणता दोरा कुजला आणि कोणता टिकला?

आणि झीज बघा. वरच्या तुकड्याची डावी कड उजवीपेक्षा जास्त झिजलेली असेल तर का? आपल्याकडे गाडीवर डावीकडून चढतात, सिग्नलला बहुधा डावा पाय टेकवतात, आणि मागे एका बाजूला बसणारी आई-आजी डावीकडेच पाय सोडून बसते. तीस-चाळीस वर्षं घरातली माणसं कशी बसली हे त्या रेक्झिनवर लिहिलेलं असतं. मुलं हे स्वतः शोधतात तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. तोपर्यंत ‘जुनाट सीट’ असलेली वस्तू त्यांच्यासाठी पुरावा होते.

जुना फोम पिवळा पडून भुगा होत असेल तर तोंडाला मास्क लावून तो पिशवीत भरा. पण त्याआधी त्याची उंची पुढे, मध्ये आणि मागे मोजून ठेवा, आणि बाजूने आकार कागदावर काढून घ्या.

४. पत्रा

गंज तारेच्या ब्रशने आणि मग ८० व १२० नंबरच्या पॉलिश पेपरने मोठ्या माणसाने घासायचा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पाणी लावून घासा, मास्क वापरा, आणि मुलांना लांब ठेवा. मग रेड ऑक्साईडचा हात, वाळल्यावर काळा रंग. पत्र्याला मुळात असलेली भोकं बुजवू नका. गादीत शिरलेलं पाणी तिथूनच निघून जातं.

बिजागरीजवळ किंवा बोल्टच्या भोकाला तडा दिसला तर काम थांबवा आणि वेल्डिंगवाल्याकडे न्या. ही शोभेची गोष्ट नाही, त्यावर दोन माणसं बसणार आहेत.

५. फोम : घनतेचा खरा प्रयोग

दुकानदार विचारतो, “कितीची डेन्सिटी देऊ? ३२ की ४०?” हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोमध्ये वजन. हे मुलांना असं करून दाखवा.

फोमचा १० सेंमी लांब, १० सेंमी रुंद, १० सेंमी उंच तुकडा कापा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. ४० ग्रॅम भरला तर फोम ४० डेन्सिटीचा. कसं? तुकड्याचं घनफळ १००० घन सेंमी, म्हणजे घनमीटरचा हजारावा भाग. आणि ४० ग्रॅम म्हणजे ४० किलोचा हजारावा भाग. दोन्हीकडचा हजार निघून जातो, आणि ग्रॅमचा आकडा थेट डेन्सिटीचा आकडा होतो. दुकानदाराने सांगितलेला आकडा आणि काट्यावरचा आकडा जुळतो का, हे मुलं मग प्रत्येक दुकानात तपासायला लागतात.

इथे एक फरक समजावून सांगा. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. डेन्सिटी जास्त म्हणजे त्याच जागेत माल जास्त, आणि असा फोम सहसा जास्त टिकतो. तो मऊ की कडक हे हाताने दाबून, आणि जमलं तर बसूनच ठरवावं. गादीला खाली जरा कडक, दाट फोम आणि वर एक-दीड सेंमीचा मऊ थर चांगला लागतो. नुसता मऊ फोम घेतला तर पहिल्या दिवशी छान वाटतं, पण तासाभराच्या प्रवासात माणूस पत्र्यावर टेकतो.

फोम लांब पात्याच्या धारदार सुरीने किंवा हॅकसॉच्या पात्याने, न दाबता कापायचा. दाबून कापला की कड वाकडी येते. कडांची गोलाई खरखरीत पॉलिश पेपरने घासून आणायची, हे काम मुलांना खूप आवडतं. थर चिकटवताना रबराचं सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, थोडं सुकू द्यायचं, मग जोडायचं. सोल्युशनचा वास डोक्यात जातो आणि ते पेट घेतं, म्हणून उघड्यावर, मोठ्यांनी, आणि आसपास शेगडी-उदबत्तीसुद्धा नको.

शेवटी फोमवर पातळ प्लास्टिकचा कागद अंथरा. शिवण म्हणजे शेवटी भोकांची रांगच. पावसाचं पाणी तिथून आत जातं, आणि फोम एकदा भिजला की आठ-आठ दिवस ओल सोडत नाही.

६. कागदी नमुना : सपाटाचं गोल कसं होतं?

उसवलेले तुकडे उन्हात थोडे गरम करून हाताने सपाट करा आणि वर्तमानपत्रावर किंवा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ठेवून गिरवा. पण जसंच्या तसं कापू नका. वापरून कापड ताणलेलं असतं. वरच्या तुकड्याचा नमुना मध्यरेघेवर दुमडा. डावी आणि उजवी बाजू जुळत नसेल तर दोघींच्या मधून रेघ काढा आणि ती दोन्हीकडे वापरा. सममितीचा अक्ष पुस्तकात भेटलेला असतो, इथे तो कामाला येतो.

आता खरा प्रश्न. कापड सपाट, गादी गोल. मग हे जमतं कसं? मुलांना एक संत्रं द्या आणि त्याची साल न फाडता टेबलावर सपाट करायला सांगा. होत नाही. आता कागदाची पुंगळी करून उलगडायला सांगा. लगेच होते. पुंगळी एकाच दिशेने वाकलेली असते, संत्रं दोन दिशांनी. दोन दिशांनी फुगलेला पृष्ठभाग ताणल्या-फाडल्याशिवाय सपाट होत नाही, हे गणितज्ञ गाउसने १८२७ साली सिद्ध करून मांडलं. जगाच्या सपाट नकाशात ग्रीनलँड एवढं मोठं का दिसतं, त्याचंही मूळ कारण हेच. गादी बांधणाऱ्या कारागिराने गाउसचं नाव ऐकलेलं नसतं, पण त्याला हे हाताने ठाऊक असतं. म्हणून तो गादीचे तुकडे पाडतो. वरचा तुकडा जवळजवळ सपाट, बाजूची पट्टी पुंगळीसारखी. उरलेला थोडासा फुगवटा रेक्झिनच्या ताणावर सोडतो.

आता आकडेमोड. समजा गादी ६४ सेंमी लांब, २६ सेंमी रुंद, मागे अर्धगोल आणि पुढे सरळ आहे. अर्धगोलाची त्रिज्या १३.

- मागची गोलाई : ३.१४ गुणिले १३, म्हणजे साधारण ४०.८ सेंमी
- दोन्ही सरळ बाजू : ६४ वजा १३ म्हणजे ५१, दोन बाजूंच्या १०२ सेंमी
- पुढची कड : २६ सेंमी
- एकूण पट्टी : सुमारे १६८.८ सेंमी

समजा नवीन फोम कडेने १ सेंमीने जाड झाला. मागच्या गोलाईची त्रिज्या १४ झाली, लांबी झाली ४४. म्हणजे ३ सेंमीपेक्षा थोडी जास्त वाढ, आणि ती फक्त मागच्या अर्ध्या गोलाची. “सर, एकच सेंमी वाढलं ना, मग कव्हर का बसत नाही?” याचं उत्तर इथे आहे. मुलांना त्रिज्या २० आणि २१ घेऊन पुन्हा करायला सांगा. वाढ तेवढीच येते. का, ते त्यांनाच शोधू द्या.

नमुन्याच्या कडेने शिवणीसाठी १ सेंमी आणि पट्टीला खाली पत्र्यात दुमडायला ५ सेंमी जास्त सोडा. मग सगळ्या खुणा नमुन्यावर उतरवा.

७. कापड घेणं आणि कापणं

रेक्झिन साधारण ५४ इंची पन्ह्याचं मिळतं, म्हणजे १३७ सेंमी. आपली पट्टी १६८.८ सेंमी, पन्ह्यात एका तुकड्यात बसत नाही. म्हणून दोन पट्ट्या, प्रत्येकी ८४.४ अधिक शिवण, धरून चाला ८७ सेंमी. पट्टीची उंची १४ असेल तर वर-खाली सोडलेलं धरून २० सेंमी. दोन पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या की ८७ बाय ४० जागा गेली. पन्ह्यात शेजारी ५० सेंमी उरतात, तिथे वरचा तुकडा ६६ बाय २८ उभा बसतो. म्हणजे ७० सेंमी कापडात काम होतं. गोट आणि चाचणीचे तुकडे धरून एक मीटर घ्या. हे गणित मुलांनी आधी चौकटीच्या कागदावर मांडावं, मग दुकानात जावं.

दुकानात कापड दोन्ही दिशांना ओढून बघा. बहुतेक रेक्झिन एका दिशेला जास्त ताणतं. दोन्ही पट्ट्या एकाच दिशेने कापल्या नाहीत तर एक बाजू चोपून बसते आणि दुसरीला सुरकुत्या पडतात.

८. शिवण

टाचण्या वापरू नका. सुती कापडात टाचणीचं भोक बुजतं, रेक्झिनमध्ये कायमचं राहतं. कपड्यांचे चिमटे लावा.

घरच्या पायाच्या मशीनवर दोन थर शिवले जातात. सुई १६ किंवा १८ नंबरची, दोरा पॉलिस्टर किंवा नायलॉनचा, टाका ४ मिमीच्या आसपास. बारीक टाका जास्त पक्का असं वाटतं, पण इथे उलटं आहे. भोकं जवळजवळ पडली की रेक्झिन पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेघेवर फाटतं. मशीनचा पाय रेक्झिनला चिकटत असेल तर वर कागदाची पट्टी ठेवून शिवा, नंतर कागद फाडून काढता येतो. गोट असलेल्या जागी थर वाढतात, तिथे पाय न मारता चाक हाताने फिरवा.

मशीन नसेल तर आरीने दर ५ मिमीवर भोकं पाडून, एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून हाताने शिवता येतं. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात, एक इकडून, एक तिकडून. चामड्याच्या कामातली ही जुनी पद्धत. दोरा एका जागी तुटला तरी पूर्ण शिवण सुटत जात नाही.

मागच्या गोलाईत पट्टीच्या सरळ कडेला कात्रीने छोटे छेद द्या, शिवणीच्या रेघेच्या ३ मिमी अलीकडे थांबायचं. छेद उघडतात आणि सरळ पट्टी वळण घेते. वरच्या तुकड्याच्या गोल कडेला मात्र शिवून झाल्यावर त्रिकोणी खाचा काढायच्या, कारण तिथे आतल्या बाजूला कापड जास्तीचं होतं आणि चुण्या पडतात. एका ठिकाणी कमी पडतं, एका ठिकाणी जास्त होतं. वर काढलेला ३ सेंमीचा फरक तो हाच.

शिवण्याचा क्रम वहीतून, उलटा. मध्यरेघ मध्यरेघेला, खूण खुणेला.

९. ताणून बसवणं

शिवलेलं कव्हर अर्धा तास उन्हात ठेवा, मऊ पडतं. फोमवर घाला, मध्यरेघ जुळवा. आधी पुढचा मध्य अडकवा, मग मागचा. मग डाव्या बाजूचा मध्य, लगेच उजव्या बाजूचा. असं समोरासमोर करत कोपऱ्यांकडे जायचं. सायकलच्या चाकाच्या ताराही अशाच थोड्या इकडे, थोड्या तिकडे कसतात. एकाच बाजूने सगळं ओढलं की मध्यरेघ सरकते आणि गादी गाडीवर कायम तिरकी दिसते.

पहिल्या फेरीत दात अर्धेच दाबा. गादी उलटी-सुलटी करून बघा, सुरकुत्या कुठे आहेत तिथलं सोडून पुन्हा ओढा. दुसऱ्या फेरीत पक्के करा. दाताचं टोक कव्हरच्या बाहेर आलेलं नको, आणि खाली वायरिंगला घासेल असंही नको.

गाडीवर बसवल्यावर बोल्ट, बिजागरी, खटका तपासा. वायर किंवा नळी दबलेली नाही ना ते बघा. पहिली फेरी मोठ्या माणसाने एकट्याने, जवळच मारायची आणि परत आल्यावर बोल्ट पुन्हा कसायचे.

१०. वर्गात हा पाठ कसा घ्याल?

सगळ्या शाळांत जुनी गाडी येणार नाही, हे मान्य. पण सायकलची सीट, जुनं स्टूल, शाळेच्या खुर्चीची फाटलेली गादी चालते. पत्रा-भर-कव्हर हे सूत्र सगळीकडे सारखं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत शिकण्याची कल्पना आहे. आपल्या मातीत ती नवीन नाही. १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, तीच नई तालीम. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याचे प्रयोग केले, आणि ते पुढे अनेक शाळांत पोहोचले.

म्हणून माझी विनंती अशी. तुमच्या तालुक्याच्या गावी स्टँडजवळ एक सीट कव्हरवाला नक्की असतो. त्यांना वर्गात बोलवा. मुलं त्यांना काका म्हणोत, चाचा म्हणोत, नाहीतर उस्ताद. त्यांच्या त्या दिवसाच्या बुडालेल्या कामाचे पैसे द्या, नुसता नारळ आणि शाल देऊन पाठवू नका. त्यांच्याकडून एकच गोष्ट करून घ्या. मुलांनी चार तासांत उसवलेली शिवण ते किती वेळात शिवतात ते बघू द्या. मुलांनी स्वतः आधी हात घातलेला असतो, म्हणून त्या हाताचा वेग त्यांना कळतो. आधी बोलावलंत तर ती फक्त करमणूक होते.

पालकांसाठी दोन शब्द

“सर, हे करून मार्क वाढणार आहेत का?” असं पालक विचारतात आणि त्यांचं चूक नाही. फी भरणाऱ्याने विचारायलाच हवं. माझं उत्तर असं की परीघाचं सूत्र पाठ असलेली मुलं भरपूर आहेत. एक सेंमी फोम वाढवल्यावर कव्हर का तोकडं पडलं, हे त्या सूत्रातून ओळखणारी कमी आहेत. मार्कांना दोन्ही लागतात. पुढे पोट भरायला दुसरं जास्त लागतं, मग मुलगा इंजिनियर होवो की स्वतःचं सीट कव्हरचं दुकान टाको. मुलीलाही तितकंच शिकवा. पाना मुलाच्या हातात आणि सुई मुलीच्या हातात अशी वाटणी या कामात करू नका, दोघांनी दोन्ही करावं.

आणखी एक. घरात आजोबा असतील तर त्यांना खुर्ची टाकून जवळ बसवा. उसवताना त्या गाडीच्या गोष्टी निघतात. गाडी कुठून आणली, पहिल्यांदा कोण मागे बसलं, कधी बंद पडली. त्या गोष्टी वहीत लिहून घ्या. नवीन गादी बांधून झाली की जुन्या कव्हरचे तुकडे, कागदी नमुने आणि ती वही एका पिशवीत घालून कपाटात ठेवा. आणखी वीस वर्षांनी कुणीतरी ही गादीही उसवेल, तेव्हा त्याला आपल्यापेक्षा सोपं जाईल.

स्वाध्याय

१. तुमच्या घरातल्या तीन वस्तू शोधा ज्यात सपाट कापडातून गोल आकार केला आहे. जोड कुठे लपवले आहेत?
२. चेंडूवर कापड चढवायचं असेल तर कमीत कमी किती तुकडे घ्याल? कागद कापून करून बघा.
३. ५ सेंमी बाजूच्या फोमच्या घनाचं वजन ४ ग्रॅम भरलं, तर त्याची डेन्सिटी किती?
४. एखादी जुनी पिशवी उसवून तिच्या शिवण्याचा क्रम लिहा.
५. तुमच्या भागातल्या एका कारागिराला विचारा : “या कामात सगळ्यात आधी काय शिकलात?” उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.

तिसऱ्याचं उत्तर ३२. बाकीची उत्तरं मुलांकडूनच घ्या.